शहाजोगपणा

शहाजोगपणा (भाववाचक नाम, विशेषण शहाजोग, क्रियाविशेषण शहाजोगपणे) : स्वतः दोषी किंवा निदान गुंतलेले असूनही सभ्य, निर्दोष माणसाचा आव आणून इतरांना नीतीचे पाठ देण्याची वृत्ती. नुसते साळसूद गप्प राहूनही होता येते. शहाजोगपणाला उपदेश लागतोच.

शब्द सावकारी पेढीवरचा आहे. ‘शाह’ म्हणजे बाजारात पत असलेला व्यापारी. हुंडी म्हणजे पैसे देण्याची लेखी चिठ्ठी, आणि ‘जोग’ म्हणजे ज्याला ते द्यायचे तो. मुंबईत काळबादेवी, झवेरी बाजार या भागांतील हुंडीव्यवहारात धनीजोग (धन्याला देय), नामजोग (नाव लिहिलेल्याला देय) यांच्याप्रमाणे शहाजोग हुंडीही चाले. तिचे पैसे कोणाही आणणाऱ्याच्या हाती पडत नसत; ती पतदार शहामार्फतच वटे. पुढे हुंडी चोरीची वा बनावट निघाली, तर रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शहावर येई. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानेही (धनादेश, वचनचिठ्ठ्या अशा कागदांचा कायदा) देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही. म्हणजे मूळचा शहाजोग खरोखरच भरवशाचा माणूस. आजचा शहाजोग पत मिरवतो आणि जबाबदारीच्या वेळी हात वर करतो.

अर्थाची अशी घसरण या एकाच शब्दाच्या वाट्याला आलेली नाही. ‘संभावित’ म्हणजे मुळात सन्मानित. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात संभावितास अपकीर्ती मरणाहून वाईट असे म्हटले आहे. मराठीत ‘संभावितपणा’ म्हणजे ढोंगच. ‘मानभावी’ हा ‘महानुभाव’चा अपभ्रंश, त्याचा हेटाळणीचा अर्थ पंथाच्या विरोधकांच्या तोंडून रुळला, त्यामुळे तो शब्द जपून वापरलेला बरा. ‘सोवळे’ पूजेच्या वस्त्रावरून माणसाच्या तोऱ्यावर आले. प्रतिष्ठेच्या शब्दांवर मराठीचा फारसा विश्वास दिसत नाही.

मुंबईत हा शब्द बोलण्यापेक्षा अग्रलेखांत अधिक भेटतो. ‘शहाजोग सल्ला’ ही तिथली ठरीव जोडी. बोलताना लोक ‘मोठा साव बनून आलाय’ म्हणतात, किंवा ‘मी नाही त्यातली, कडी लावा आतली’ ही म्हण फेकतात. वृत्तीची उदाहरणे मात्र लोकलमध्ये पैशाला पासरी. पास दादरपर्यंतचाच, तरी जागेसाठी उलटा सीएसएमटीला जाऊन खिडकी धरलेला प्रवासी दादरला चढणाऱ्यांना शिस्त शिकवतो. तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर टेकू पाहणाऱ्याला ‘नियम म्हणजे नियम’ ऐकवतो. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत थकबाकीदारांवर सर्वांत तावातावाने बोलणारा सभासद कधी कधी स्वतःच त्या यादीत असतो.

व्याकरणाने मुभा असूनही हे विशेषण कोणी स्वतःला लावत नाही. ‘मी शहाजोगपणे सांगितले’ हे वाक्य थट्टेतच शोभते.