इसब, दाण्याचं कूट आणि गळकी भिंत

बाळाच्या गालांवर, कोपराच्या आत, गुडघ्यामागे खरखरीत लाल चट्टे उठले की मुंबईच्या घरात पहिला प्रश्न ठरलेला: "काय खाल्लंस गं तू?" आरोपी आईच. मग अंडं बंद, दाणे बंद, दूधही संशयित.

गोष्ट बरीचशी उलटी आहे: आधी इसब, मग ॲलर्जी. पावसाळ्यात ओल झिरपणारी भिंत आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. इसबाची त्वचा तशीच असते. फिलॅग्रिन हे प्रथिन त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवतं. त्याच्या जनुकातल्या बिघाडाचा इसबाशी संबंध असल्याचं २००६ मध्ये सिद्ध झालं. बिघाड असलेल्या प्रत्येकाला इसब होतंच असं नाही, पण भिंत गळकी असली की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं आत शिरतं. त्यात घरातल्या धुळीतले, कुणाच्या तरी हाताला लागलेले अन्नाचे कणही आले. सुजलेल्या त्वचेतून आलेल्या कणाला शरीर शत्रू समजतं. तोच कण तोंडावाटे, आतड्यातून आला तर बहुधा पाहुणा मानतं.

लंडनचे मुलांच्या ॲलर्जीचे तज्ज्ञ गिडियन लॅक यांचा हाच तर्क. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या जवळपास दहापट दिसली. इस्रायलमध्ये बाळं लहानपणापासून दाण्याचे कुरकुरे चोखतात. मग लॅक यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. निम्म्यांना दाणे द्यायचे, निम्म्यांना पाचव्या वर्षापर्यंत नाही. २०१५ मध्ये निकाल आला: टाळणाऱ्यांत सुमारे १७ टक्के मुलांना ॲलर्जी, खाणाऱ्यांत सुमारे ३.

म्हणजे उष्टावणानंतरचं पातळ खिमटीतलं चिमूटभर दाण्याचं कूट तितकं वाईट नाही. अख्खा दाणा मात्र नको, घशात अडकतो. आणि इसब तीव्र असेल तर आधी डॉक्टरांना विचारूनच. अशी ॲलर्जी सहसा लपत नाही: खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, उलटी होते. श्वास लागला तर थेट रुग्णालय गाठायचं.

माझा आक्षेप आहे तो उटण्याला. खाजऱ्या, फाटलेल्या त्वचेवर बेसन-साय चोळणं म्हणजे नेमकं चुकीच्या दारानं अन्न आत सोडणं. तिथे हवा बिनवासाचा मलम, अंघोळ झाल्याझाल्या, अंग ओलसर असतानाच, जाडसर लावलेला. मुंबईच्या घामट ऑक्टोबरात तो चिकट वाटतो, मूल कुरकुरतं. घाम सुती फडक्यानं टिपून घ्या, पण मलम चुकवू नका.