रिपोर्टातला ठळक आकडा: घाबरण्याआधी काय पाहाल?

रिपोर्टचा पीडीएफ बहुधा संध्याकाळी मोबाइलवर येतो आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट दुसऱ्या दिवशीची असते. मधली रात्र ठळक छापलेल्या आकड्याकडे बघत जाते. त्या रात्री हाताशी असावं म्हणून आमच्या लॅबचं हे माहितीपत्रक. ते वाचून स्वतःच्या मनाने गोळी सुरू करू नका आणि चालू असलेली बंदही करू नका. डॉक्टरांना काय सांगायचं आणि काय विचारायचं, ते यातून कळेल.

'एच' (हाय, जास्त) आणि 'एल' (लो, कमी) म्हणजे किती?

आकड्यासमोर छापलेली मर्यादा बहुतेक तपासण्यांत अशी ठरते: निरोगी माणसांचे आकडे चढत्या क्रमाने लावायचे, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडायचे आणि उरलेल्या ९५ टक्क्यांना 'नॉर्मल' म्हणायचं. त्यामुळे धडधाकट माणसांतही विसांत एकाचा आकडा रेषेबाहेर जाणारच. साठ घटकांचं फुल बॉडी पॅकेज केलं तर दोन-तीन आकडे ठळक येणं अगदी स्वाभाविक आहे. एसजीपीटी या यकृताच्या तपासणीची मर्यादा ४० असताना ४४ आला काय आणि ४०० आला काय, कागदावर दोन्हींसमोर तोच 'एच' असतो. म्हणून आधी आकडा रेषेपासून किती लांब आहे ते पाहा.

शुगर, एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि कोलेस्टेरॉल यांना हे लागू नाही. तिथल्या मर्यादा आजाराचा धोका कुठून वाढतो यावरून ठरवलेल्या आहेत. तिथे 'थोडीशीच जास्त आहे' म्हणून विषय सोडू नका.

मग जुना रिपोर्ट शेजारी ठेवा. हिमोग्लोबिन १२.४ वरून १२.० वर आलं, तर तो रोजचा चढउतार आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) मात्र ०.७ वरून वर्षभरात १.१ झालं, तर दोन्ही आकडे मर्यादेत असले आणि एकही ठळक नसला तरी तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवाच. तुलना शक्यतो एकाच लॅबच्या रिपोर्टांची करा, कारण मशिन आणि पद्धत बदलली की आकडाही थोडा सरकतो.

एककही वाचा. आखातात नोकरी करणाऱ्यांच्या रिपोर्टात शुगर ६.१ अशी दिसते. ती १८ने गुणली की आपली ११० होते. प्लेटलेटसमोर १५० लिहिलं असेल आणि एकक 'हजार' असेल, तर ते दीड लाखच आहेत.

शुगर: सर्वात जास्त चुका इथेच

फास्टिंगसाठी ८ ते १२ तास पोट रिकामं हवं. पाणी चालतं, चहा बिनसाखरेचाही चालत नाही. रात्रपाळी करून ऐरोली-महाप्याहून थेट येणाऱ्यांनी शेवटचं कधी खाल्लं ते काउंटरवर सांगावं. पहाटे चारला कॅन्टीनमध्ये सँडविच झालं असेल, तर सकाळी आठचं सॅम्पल 'फास्टिंग' ठरत नाही.

पीपीचे (जेवणानंतरच्या शुगरचे) दोन तास पहिल्या घासापासून मोजतात, हात धुतल्यापासून नाही. जेवण रोजचंच हवं. रिपोर्ट चांगला यावा म्हणून त्या दिवशी अर्धीच पोळी खाल्ली किंवा तलावपाळीला दोन फेऱ्या मारून आलात, तर आकडा छान येईल आणि डॉक्टर चुकीचा डोस ठरवतील. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर सोबत आणा. फास्टिंगचं रक्त दिल्यावर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्या आणि मगच जेवा. गोळी न घेता दिलेली पीपी ही औषधाची परीक्षा ठरत नाही.

फास्टिंग १०० च्या खाली ठीक, १०० ते १२५ मधुमेहाची पूर्वपायरी, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेहाच्या हद्दीत. तरीही लक्षणं नसतील तर एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा खात्री करतात.

साखरेचं रक्त आम्ही करड्या टोपणाच्या नळीत घेतो. साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात आणि ती तासाला पाच-सात टक्क्यांनी उतरते. घोडबंदर रोडला सॅम्पल गाडीत दोन तास अडकलं, तर १३० ची ११५ होऊ शकते. घरी रक्त घ्यायला कोणीही आलं तरी शुगरसाठी करडं टोपण आहे ना, एवढं बघून घ्या.

एचबीए१सी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं: ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून मधुमेह. पण ही तपासणी लाल पेशींवर उभी आहे, म्हणून पेशींचं काही बिघडलं की आकडाही फसवतो. समजा एखाद्या बाईंचं हिमोग्लोबिन ९ आहे, फास्टिंग ९५, पीपी १३०, आणि एचबीए१सी आलं ६.६. ६.६ म्हणजे सरासरी शुगर १४३ च्या आसपास हवी, आणि इथे तर जेवणानंतरही तेवढी नाही. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खोटंच वर जातं. आधी लोह भरून काढायचं, मग पुन्हा तपासायचं. उलट रक्तस्राव झाला असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल, तर आकडा खोटा खाली येऊ शकतो.

वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या, तरी हिमोग्लोबिन अकराच?

सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या तपासणीत) एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) आणि आरबीसी काउंट (लाल पेशींची संख्या) हे दोन आकडे एकत्र पाहा. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात (एमसीव्ही कमी) आणि आरबीसी काउंटही सहसा उतरतो. एमसीव्ही ६५, पण आरबीसी काउंट ५.८ दशलक्ष असा असेल, तर थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या सौम्य प्रकाराची, म्हणजे मायनरची, शंका घ्यावी. सिंधी, लोहाणा, पंजाबी कुटुंबांत त्याचं प्रमाण जास्त आहे आणि आपल्या ठाणे जिल्ह्यात, विशेषतः उल्हासनगरमध्ये, सिंधी वस्ती मोठी आहे. पण तो कोणत्याही घरात सापडतो. खात्रीसाठी एचबीए२ ची (हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराची) तपासणी करतात. मायनर असलेल्या माणसाला सहसा काही त्रास नसतो. नवरा-बायको दोघेही मायनर असले, तर मात्र प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे गंभीर प्रकार, होण्याची शक्यता २५ टक्के असते. ही तपासणी आयुष्यात एकदाच करायची असते आणि ती लग्नाआधी झालेली बरी.

पावसाळ्यातला ताप आणि प्लेटलेट

डेंगीची एनएस१ तपासणी (विषाणूचा अंश शोधणारी) तापाच्या पहिल्या पाच दिवसांत कामाची, आयजीएम (शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी) साधारण पाचव्या दिवसानंतर. सातव्या दिवशी केलेली एनएस१ निगेटिव्ह आली म्हणजे डेंगी नव्हता, असं नाही. म्हणून फॉर्मवर तापाचा कितवा दिवस ते जरूर लिहा. मलेरियाचीही एक काच (रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात ती) निगेटिव्ह आली आणि ताप थांबला नाही, तर तपासणी पुन्हा करावी लागते.

प्लेटलेट अचानक २२ हजार आले आणि माणूस चालता-बोलता आहे, अंगावर कुठे लाल ठिपका नाही, तर आम्ही आधी काच बघतो. जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, मशिन त्या गोळ्याला प्लेटलेट म्हणून मोजत नाही आणि काउंट खोटाच पडतो. अशा वेळी निळ्या टोपणाच्या नळीत पुन्हा रक्त घेतो. तिथे रक्त थोडं पातळ होत असल्याने आलेला आकडा १.१ ने गुणतो. रिपोर्टखाली 'क्लम्प्स' (चिकटलेले गोळे) अशी टीप असेल तर ती डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

डेंगीत ताप उतरतो तेच एक-दोन दिवस जास्त जपायचे. पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर रिपोर्टची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

थोडक्यात इतर

थायरॉइड: केस-नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असतं, त्याने काही मशिनवर टीएसएच (थायरॉइडचा मुख्य आकडा) खोटं कमी दिसतं. डॉक्टरांना विचारून त्या निदान दोन दिवस आधी थांबवा. थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासा. दोन आठवड्यांत केलेल्या तपासणीवरून काहीच ठरत नाही.

पोटॅशियम: 'हिमोलाइज्ड' असा शेरा असेल तर पेशी फुटून आकडा वर गेलेला असू शकतो. रक्त देताना मूठ सारखी उघडझाप करू नका. असं सॅम्पल आम्ही पुन्हा मोफत घेतो.

लघवी: पहिली धार सोडून मधली धरा आणि तासाभरात आणून द्या. 'एपिथेलियल सेल्स' (कातडीवरच्या पेशी) खूप असतील तर सॅम्पल नीट धरलं गेलं नाही, असं समजून पुन्हा द्यावं.

आमचा फोन कधी येतो?

पोटॅशियम ६ च्या वर, सोडियम १२० च्या खाली, शुगर ५४ पेक्षा कमी किंवा ४०० पेक्षा जास्त, हिमोग्लोबिन ७ च्या खाली, काच बघूनही प्लेटलेट २० हजारांच्या आत: असं काही दिसलं की रिपोर्ट छापण्याआधीच आम्ही फोन करतो. म्हणून फॉर्मवर असा नंबर लिहा, जो त्या दिवशी कोणीतरी उचलेल. पुण्यात किंवा परदेशात असलेल्या मुलाचा नंबर पीडीएफ पाठवायला ठीक आहे, पण शेजारी घरातल्या माणसाचाही द्या.

एखाद्या आकड्याबद्दल शंका असेल तर त्याच दिवशी कळवा. सीबीसीची नळी आम्ही २४ तास फ्रीजमध्ये ठेवतो, तोवर त्याच रक्तावर फेरतपासणी करता येते. त्यानंतर नवीन सॅम्पल द्यावं लागेल.