पुनर्जनक भार आणि डीसी वीजपुरवठा

डीसी सप्लायवर चालणारा जो भार प्रसंगी वीज उलट परत पाठवतो, त्याला पुनर्जनक भार म्हणतात. ब्रेक लागलेली मोटर हे नेहमीचे उदाहरण. बॅटरी आणि सुपरकपॅसिटर ऊर्जा साठवतात, म्हणून त्यांना जोडतानाही तीच काळजी लागते.

वर्कशॉपमधला साधा सप्लाय प्रवाह देतो, घेत नाही. उलट आलेली ऊर्जा त्याच्या आउटपुट कपॅसिटरमध्ये साचते आणि व्होल्टेज चढते. ०.०१ किलोग्रॅम-वर्गमीटर जडत्वाचा रोटर (मोटरचा फिरणारा भाग) मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्यात सुमारे ४९० ज्यूल ऊर्जा असते. २४ व्होल्टवरच्या १००० मायक्रोफॅरड कपॅसिटरने ती सगळी घ्यायची म्हटली, तर हिशेबाने व्होल्टेज ९९०च्या घरात जाते! त्याच्या कितीतरी आधीच काहीतरी फुटते.

मराठवाड्यातल्या बोअरच्या पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो; लाइट गेली तरी वर चढलेले पाणी माघारी येत नाही. सप्लायच्या धन तारेत घातलेला डायोड हेच काम करतो. त्याची क्षमता भाराच्या कमाल प्रवाहाहून चांगली जास्त हवी. शॉटकी या कमी व्होल्टेज खाणाऱ्या प्रकारच्या डायोडवर साधारण अर्धा व्होल्ट पडतो. २० अँपिअरला त्याची १० वॅट उष्णता होते, तेव्हा हीटसिंक टाळू नये. मात्र डायोडने फक्त सप्लाय वाचतो. अडलेली ऊर्जा मोटरच्या ड्राइव्हकडेच (मोटर चालवणाऱ्या सर्किटकडेच) राहते आणि तिथले व्होल्टेज चढवते. ती जाळायला ब्रेकिंग रेझिस्टर आणि ठरावीक व्होल्टेजला तो जोडणारा चॉपर लागतोच. काम रोजचे असेल तर प्रवाह देण्याबरोबरच घेऊही शकणारा, म्हणजे टू-क्वाड्रंट, सप्लाय घ्यावा.

बॅटरीचा धोका वेगळा आहे आणि भारनियमनाच्या भागात तो फार खरा आहे. चार्जिंग चालू असताना लाइट गेली की सप्लाय बंद पडतो, पण बॅटरीचे व्होल्टेज त्याच्या आउटपुटवर तसेच राहते आणि आतल्या भागांतून उलटा प्रवाह वाहू शकतो. काही सप्लायमध्ये अतिव्होल्टेजला आउटपुट शॉर्ट करणारा क्रोबार असतो. डायोड नसताना तो चालला, तर बॅटरीच शॉर्ट होते. म्हणून डायोडबरोबर फ्यूजही हवा, आणि तो बॅटरीच्या टर्मिनलजवळ.

जोडण्यापूर्वी ध्रुवता मीटरने तपासावी, सप्लायचे व्होल्टेज आणि प्रवाहमर्यादा आधी लावून घ्यावी. काम संपल्यावर आधी बॅटरीची तार सोडवावी, मग सप्लाय बंद करावा.