बेला गुटमन: शापाच्या आधीची गोष्ट

युरोपातल्या एखाद्या स्पर्धेत पोर्तुगालचा बेनफिका हा फुटबॉल क्लब पुढे सरकू लागला की लिस्बनमध्ये एक नाव हमखास निघतं. ते नाव बेला गुटमनचं. १९६२ साली क्लब सोडताना या हंगेरियन प्रशिक्षकाने 'आता शंभर वर्षं तुम्ही युरोपचा करंडक जिंकणार नाही' असा शाप दिला, अशी ती कथा. त्यानंतर बेनफिका युरोपातले आठ अंतिम सामने खेळला आणि आठही हरला. १९९० चा अंतिम सामना व्हिएन्नात होता. गुटमनची कबर त्याच शहरात आहे. सामन्याआधी बेनफिकाचा जुना खेळाडू युसेबियो याने कबरीपाशी जाऊन प्रार्थना केली. बेनफिका मिलानकडून ०-१ असा हरला.

कथा रंगतदार आहे, म्हणूनच तिने माणूस झाकून टाकला. डझनभर देशांत शिकवत फिरलेल्या गुटमनबद्दल बोलताना त्याचा तापट स्वभाव आणि पायाला लागलेली भिंगरी यापुढे कोणी जात नाही. तापट तो होताच. पण त्याच्या आयुष्यातली पहिली स्थलांतरं त्याने हौसेने केलेली नव्हती.

जन्म बुडापेस्टचा, १८९९ मधला. घर ज्यू, आईवडील नृत्यशिक्षक. सोळाव्या वर्षी तोही नृत्य शिकवण्यास पात्र ठरला होता. एमटीके क्लबकडून तो हंगेरीची लीग जिंकला. पण पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीचा सत्ताधीश हॉर्थी याच्या राजवटीत ज्यूंना जगणं अवघड झालं, आणि गुटमन व्हिएन्नाला जाऊन हाकोआ या ज्यूंच्या क्लबात दाखल झाला. १९२५ मध्ये हाकोआने ऑस्ट्रियाची लीग जिंकली. पुढच्या वर्षी संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला तेव्हा न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर एका सामन्याला ४६ हजार लोक आले. गुटमन न्यूयॉर्कलाच राहिला, भरपूर कमावलं आणि १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला त्यात ते गमावलंही.

प्रशिक्षक म्हणून सुरुवात पुन्हा हाकोआतच झाली. मग नेदरलँड्समधलं एन्स्खेडे, आणि परत व्हिएन्ना. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, हाकोआ बंद पाडला गेला. गुटमन बुडापेस्टला परतला आणि १९३९ मध्ये त्याच्या उयपेस्ट संघाने लीग आणि मित्रोपा कप दोन्ही जिंकले. मित्रोपा कप ही तेव्हाची मध्य युरोपातली मानाची स्पर्धा. असं यश मिळवलेल्या माणसाला त्यानंतर काही वर्षं काम नव्हतं, कारण देशात ज्यूविरोधी कायदे आले होते.

१९४४ मध्ये तो बुडापेस्टजवळच्या उयपेस्ट भागातल्या मेहुण्याच्या केशकर्तनालयावरच्या माळ्यावर लपून राहिला. पुढे वेठबिगारीच्या छावणीत सापडला आणि डिसेंबरमध्ये काही सोबत्यांसह तिथून पळाला. त्या सोबत्यांत एर्नो एर्बस्टाइन होता. हाच एर्बस्टाइन पुढे इटलीतल्या तोरिनोच्या थोर संघाचा प्रशिक्षक झाला आणि १९४९ मध्ये सुपेर्गाच्या टेकडीवर झालेल्या विमान अपघातात संघासोबत गेला. गुटमनचे वडील आणि बहीण ऑश्वित्झच्या नाझी छावणीत मारले गेले. या वर्षांबद्दल तो जवळजवळ कधीच बोलला नाही. आपल्या कामाची किंमत वाजवून घेणारा, अपमान झाला की त्याच क्षणी उठून जाणारा गुटमन मला या माळ्यावरून पाहिल्याशिवाय समजत नाही.

युद्धानंतर बुखारेस्टच्या एका क्लबाकडून त्याने पगार अन्नधान्याच्या रूपात घेतला, कारण तिथल्या पैशाला किंमत उरली नव्हती. मग बुडापेस्टचा किश्पेश्ट. तिथला एक प्रसंग फार बोलका आहे. बचावपटू पातीच्या खेळावर चिडून गुटमनने त्याला मध्यंतरानंतर मैदानात उतरू नकोस असं सांगितलं. तेव्हा बदली खेळाडूची सोय नव्हती, म्हणजे संघ दहा जणांनिशी खेळणार होता. कर्णधार फेरेन्क पुश्काश पातीला म्हणाला, तू चल. पाती उतरला. गुटमन प्रेक्षकांत जाऊन घोड्यांच्या शर्यतींचं वर्तमानपत्र वाचत बसला, सामना संपल्यावर ट्रामने घरी गेला आणि त्या क्लबात परतला नाही.

इटलीत मिलान लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर असताना १९५५ मध्ये त्याला काढून टाकलं. पुढच्या करारांत त्याने अट घालून घेतली: संघ अव्वल असताना मला काढता येणार नाही.

१९५६ चा हंगेरीतला उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडला तेव्हा होनव्हेड संघ परदेशात होता. किश्पेश्टचंच हे नवं नाव. १९५७ च्या सुरुवातीला हा संघ गुटमनला घेऊन ब्राझीलला गेला, म्हणजे पुश्काश आणि तो पुन्हा एकत्र. दौरा संपल्यावर गुटमन साओ पावलो क्लबात थांबला आणि त्याच वर्षी तिथला राज्य करंडक जिंकून दिला. चार बचावपटू, मधे दोन, पुढे चार ही ४-२-४ रचना त्याने तिथे कसोशीने राबवली. ती त्याची एकट्याची निर्मिती नव्हे. ब्राझीलमध्येही तिच्यावर काम चालू होतं. मात्र साओ पावलोत त्याच्यासोबत काम केलेल्या व्हिसेंते फेओलाने १९५८ चा विश्वचषक ब्राझीलला मिळवून दिला तो याच रचनेवर.

पोर्तुगालमध्ये १९५९ ला गुटमनच्या हाताखाली पोर्तो चॅम्पियन झाला. लगेच तो बेनफिकाकडे गेला आणि पुढच्या दोन्ही लीग त्याच्या नव्या संघाने जिंकल्या. लिस्बनच्या एका केशकर्तनालयात साओ पावलोचा जुना खेळाडू बाउएर त्याला भेटला. मोझांबिकमधल्या एका पोराबद्दल त्याने सांगितलं, तो पोरगा म्हणजे युसेबियो. मे १९६१ मध्ये बर्न शहरात बार्सिलोनाला ३-२ ने हरवून बेनफिका युरोपचा विजेता झाला. वर्षभराने अॅमस्टरडॅममध्ये समोर रिआल माद्रिद, आणि रिआलच्या जर्सीत पुश्काश. मध्यंतरापर्यंत त्याची हॅटट्रिक झाली होती, माद्रिद ३-२ ने पुढे. उत्तरार्धात कोलुनाने बरोबरी साधली आणि वीस वर्षांच्या युसेबियोने दोन गोल केले. ५-३.

प्रशिक्षकासाठी तिसरा हंगाम घातक, असं गुटमन म्हणत असे. हा त्याचा बेनफिकातला तिसरा हंगाम होता. युरोपचा करंडक आला, पण लीगमध्ये संघ तिसरा राहिला. विजयानंतर त्याने जादा रक्कम मागितली. करारात तशी तरतूद नाही, असं संचालकांनी सांगितलं. तो उरुग्वेच्या पेन्यारोलकडे निघून गेला.

शाप सांगणारे एक गोष्ट सहसा सांगत नाहीत: १९६५ मध्ये गुटमन बेनफिकाचा प्रशिक्षक म्हणून परत आला होता. एकच हंगाम टिकला, करंडक मिळाला नाही. त्यानंतर जिनेव्हा, अथेन्स, व्हिएन्ना, आणि १९७३-७४ मध्ये शेवटचं काम पुन्हा पोर्तोत. २८ ऑगस्ट १९८१ रोजी तो गेला, तो व्हिएन्नात. बुडापेस्ट सोडल्यावर त्याने पहिला आसरा घेतला होता तोही याच शहरात.