डेस्कटॉप आणि लॅपटॉपची ग्राफिक्स कार्डे: एकाच नावामागची पंचवीस वर्षे

पणजी किंवा मडगावच्या दुकानात लॅपटॉपच्या खोक्यावर ‘आरटीएक्स ४०९०’ लिहिलेले असले, तरी आत डेस्कटॉपचे ४०९० नसते. डेस्कटॉपच्या कार्डात एडी१०२ ही चिप, १६,३८४ कुडा कोअर (चित्राची गणिते करणारे छोटे गणक), २४ जीबी मेमरी आणि ४५० वॅटची मर्यादा. लॅपटॉपमध्ये याच नावाखाली एडी१०३ ही लहान चिप येते: ९,७२८ कोअर, १६ जीबी मेमरी आणि ८० ते १५० वॅट. म्हणजे ही डेस्कटॉपच्या ४०८० ची चिप झाली, आणि तिलाही निम्म्याहून कमी वीज. नाव एक आणि वस्तू दोन, अशी वेळ कशी आली हे कळले, तर लॅपटॉप घेताना कुठले आकडे विचारायचे तेही कळते.

सुरुवातीला असा घोळ नव्हता. आरटीएक्सवाल्या एनव्हिडियाने २००० साली ‘जीफोर्स२ गो’ आणले, प्रतिस्पर्धी एटीआयची ‘मोबिलिटी रेडिऑन’ आली. पुढे एनव्हिडियाच्या आकड्यामागे ‘एम’ लागू लागला. ‘गो’, ‘मोबिलिटी’ किंवा ‘एम’ दिसला की ते लॅपटॉपचे कार्ड आणि वेग कमी, हे गिऱ्हाइकाला न सांगता समजायचे. २०१० चे जीटीएक्स ४८०एम घ्या. त्यात ३५२ कोअर आणि १०० वॅट होते; डेस्कटॉपच्या जीटीएक्स ४८० मध्ये ४८० कोअर आणि २५० वॅट. तफावत मोठी, पण ती नावात मान्य केलेली होती.

त्या काळातली एक गोष्ट आजही दुरुस्तीच्या टेबलावर भेटते. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या चिपांमधील सदोष जोडणीसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. चिप तापते, थंड होते, पुन्हा तापते. या ताणाने तिच्याखालचे सोल्डरचे सूक्ष्म ठिपके तडकत होते. अशी चिप हीटगनने तापवली की काही दिवस चालते आणि परत बंद पडते. ती दुरुस्ती नव्हे, त्यासाठी पैसे मोजू नयेत. काही जाड लॅपटॉपमध्ये एमएक्सएम पद्धतीचे सुटे कार्ड असायचे, ते बदलता यायचे. यंत्रे पातळ झाली तशी चिप थेट मदरबोर्डवर बसू लागली. आता चिप गेली की बहुतेक वेळा अख्खा बोर्डच बदलावा लागतो.

ऑगस्ट २०१६ मध्ये एनव्हिडियाची पास्कल ही चिपांची पिढी लॅपटॉपमध्ये आली आणि ‘एम’ गळाला. त्या वेळी ते रास्तच होते. १६ नॅनोमीटरची ही चिप इतकी काटकसरी होती, की लॅपटॉपच्या जीटीएक्स १०७० ला डेस्कटॉपच्या १,९२० ऐवजी २,०४८ कोअर देऊन, घड्याळ (चिपची चालण्याची गती) थोडे खाली ठेवून, वेग जवळपास सारखा राखता आला. पण पुढच्याच वर्षी ‘मॅक्स-क्यू’ आले. पातळ लॅपटॉपसाठी तेच १०८० आता ९० ते ११० वॅटवर चालू लागले. डेस्कटॉपचे होते १८० वॅटचे. २०२१ मध्ये, ३० मालिकेबरोबर, खोक्यावरचे ‘मॅक्स-क्यू’ हे वेगळे नावही गेले. आरटीएक्स ३०८० म्हणजे ८० वॅट की १५०, हे नावावरून कळेना. कमी वॅटच्या ३०८० ला भरपूर वॅटचे ३०७० मागे टाकू लागले. बोंब झाल्यावर एनव्हिडियाने लॅपटॉप उत्पादकांना वॅट जाहीर करायला सांगितले. आमच्या मते तो आकडा खोक्यावर नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत हवा. एनव्हिडियाची प्रतिस्पर्धी एएमडीचीही तीच तऱ्हा: आरएक्स ६८००एम मधली चिप डेस्कटॉपच्या ६८०० ची नसून ६७०० एक्सटीची आहे.

वॅट निम्मे झाले म्हणून वेग निम्मा होत नाही. चिप खाते ती वीज घड्याळाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि शेवटच्या थोड्या मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज बरेच चढवावे लागते. म्हणून वरचे वॅट कापले तर थोडाच वेग जातो. खालचे कापले तर मात्र यंत्र रांगू लागते. लहान कार्डांत ही तफावत जवळपास मिटते. ४०६० दोन्हीकडे ३,०७२ कोअर आणि ८ जीबीचेच. डेस्कटॉपचे ११५ वॅटचे, लॅपटॉपचे ३५ ते ११५. पूर्ण वॅटचा लॅपटॉप मिळाला तर तो डेस्कटॉपच्या अगदी जवळ जातो. वरच्या टोकाला दरी रुंदावते: आरटीएक्स ५०९० डेस्कटॉपमध्ये २१,७६० कोअर आणि ५७५ वॅटचे, लॅपटॉपमध्ये १०,४९६ कोअर आणि ९५ ते १५० वॅटचे.

गोव्यात यात हवेची भर पडते. २२ अंशांच्या खोलीत चिप ७८ अंशांवर थांबत असेल, तर एप्रिलमध्ये ३३ अंशांच्या खोलीत ती नव्वदीकडे सरकते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ८७ अंशांच्या आसपास घड्याळ आपोआप उतरते. शिवाय सीपीयू आणि ग्राफिक्स चिपच्या उष्णतावाहक नळ्या बहुधा सामाईक असतात, त्यामुळे एक तापला की दुसऱ्यालाही झळ बसते. किनाऱ्याची खारी दमट हवा धूळ चिकट करते. पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये तिचा नमद्यासारखा थर बसतो. तीन-चार महिन्यांनी खालचे झाकण उघडून मऊ ब्रशने तो काढावा. हवेचा झोत मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जाते. पावसाळ्यात लॅपटॉप बंद कपाटात महिनोन्‌महिने ठेवू नये, जोडण्यांवर गंज चढतो.

पावसात वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो, पण बॅटरीवर ग्राफिक्सचे वॅट एकदम खाली येतात. डेस्कटॉपला यूपीएस लागतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो: ४०६० च्या यंत्राला पुरतो, ४०९० च्या मुळीच नाही.

दुकानात लॅपटॉप चालू करून एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमधल्या ‘सिस्टम इन्फॉर्मेशन’मध्ये कमाल ग्राफिक्स पॉवर पाहावी. चार्जरवरचे वॅटही वाचावेत. १४० वॅटचे कार्ड आणि १५० वॅटचा चार्जर ही जोडी जमत नाही. २०१० पासून एनव्हिडियाच्या ऑप्टिमस पद्धतीत चित्र सीपीयूतल्या साध्या ग्राफिक्समधून पडद्यावर जाते आणि त्यात फ्रेम (दर सेकंदाची चित्रे) गळतात. ग्राफिक्स चिप थेट पडद्याला जोडणारा मक्स स्विच असल्यास तो टप्पा टाळता येतो. रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी बसवावी. मग चार्जर लावून अर्धा तास जड खेळ किंवा रेंडर चालवावा आणि वॅट, घड्याळ व तापमान यांची नोंद पाचव्या आणि तिसाव्या मिनिटाला घ्यावी. जमल्यास एसी बंद करून.