गावच्या ऑर्गनचे सॅम्पलिंग : घुमारा कुणाचा?

बोहेमियाच्या खेड्यापाड्यांतल्या चर्चमधली अठराव्या शतकातली ऑर्गन बहुधा छोटीच असतात. एकाच कीबोर्डच्या 45 पट्ट्या, मंद्र सप्तकातले चार काळे स्वर मुळातच गाळलेले, आणि सात-आठ स्टॉप, म्हणजे एकाच धाटणीच्या आवाजाच्या नळ्यांच्या रांगा. 1917 मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्कराने युद्धासाठी यांच्या दर्शनी कथली नळ्या काढून नेल्या. पुढे त्या जागी बरेचदा जस्ताच्या बसल्या. तेव्हा अशा ऑर्गनच्या ध्वनिमुद्रणावरचा ‘ऐतिहासिक’ हा शब्द जरा जपूनच वाचावा.

डिजिटल ऑर्गन 1971 मध्ये अमेरिकेत बाजारात आला खरा, पण एकेका नळीचे वेगळे ध्वनिमुद्रण (म्हणजे सॅम्पल) घरच्या संगणकावर वाजवण्याची सोय 2002 नंतरची. आठ स्टॉप म्हणजे ढोबळमानाने 360 नळ्या. एक अंश तापमान बदलले की स्वर सुमारे तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) सरकतो, म्हणून मुद्रणाचे काम लागोपाठच्या मोजक्या रात्रींत उरकायचे.

खरे भांडण लागले ते घुमाऱ्यावरून. माइक लांब ठेवला की चर्चचा नादही सॅम्पलमध्ये उतरतो, हे ‘वेट’. नळ्यांच्या तोंडाशी ठेवला की ‘ड्राय’. वेटमध्ये अडचण अशी, की पट्टी नुसती टिचकीसारखी दाबली तर दालन नादाने भरतच नाही. आणि अशा तोकड्या स्वरामागे लांब स्वराची भरगच्च शेपूट, म्हणजे पट्टी सोडल्यावर विरत जाणारा नाद, जोडली की कानाला लगेच खोटे वाटते. त्यावर तोड म्हणून आखूड, मध्यम आणि लांब अशा तीन शेपट्या मुद्रित होऊ लागल्या. 360 चे झाले 1080, आणि 32-बिट विंडोजमध्ये एका प्रोग्रामला मिळे जेमतेम 2 जीबी मेमरी! ड्रायवाल्यांना यातून बळ मिळाले. शिवाय दगडी चर्चमध्ये वेट सॅम्पलांचा संच वाजवला तर घुमाऱ्यावर घुमारा चढतो, हे त्यांचे म्हणणे खोडता येत नाही. तरीही कारागिराने प्रत्येक नळीचा आवाज त्याच दालनात उभे राहून जुळवलेला असतो. दालन वगळले तर उरते ते अर्धे वाद्य, असे मला वाटते. 64-बिट संगणक आल्यावर मेमरीची सबब संपली. आता दोन्ही प्रकार एकाच संचात मिळतात, वाद मात्र चालूच आहे.

त्यात भात्याची घरघरही मुद्रित करतात. ती अर्थात विजेच्या पंख्याची असते, मूळ कारागिराने कधीच न ऐकलेली.