पावणेचार फेऱ्यांचा हिशेब

जुन्या अमेरिकन पिकअपचं मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे आणि गिअर न्यूट्रलमध्ये टाकायचा. खाली वाकून प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्यावर, खडूची एक रेघ मारायची आणि उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवायचं. तेवढ्यात खडूच्या रेघेचे किती फेरे झाले ते मोजा. पावणेचारला किंचित कमी भरले, तर गाडीचा मागचा रेशो ३.७३. चारच्या थोडं पुढे गेले, तर ४.१०. तीनच्या जरासं पुढे थांबले, तर ३.०८. (चाक दोनदा फिरवायचं, कारण पलीकडचं चाक जमिनीवर अडलेलं असतं आणि मग डिफरन्शियलमधला, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या संचातला, क्राऊन या चाकाच्या निम्माच फिरतो.)

हा आकडा म्हणजे क्राऊनचे (मोठ्या दातेरी चाकाचे) दात भागिले पिनियनचे (त्याला फिरवणाऱ्या, शाफ्टच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकाचे) दात. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये ज्याला क्राऊन-पिनियन म्हणतात, तीच ही जोडी. जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये ४१ दातांच्या क्राऊनला ११ दातांचा पिनियन लावला की ३.७३ येतात, १० दातांचा लावला की ४.१०, १२ दातांचा लावला की ३.४२. सरळ ४ का नाही, असं मलाही पूर्वी वाटायचं. ४४ आणि ११ दात घेतले तर हिशेब सोपा होतो खरा, पण मग पिनियनचा प्रत्येक दात आयुष्यभर क्राऊनच्या त्याच चार दातांवर आपटत राहतो, आणि एका दातातला दोष त्या चौघांनाच खात राहतो. ४१ ही मूळ संख्या. तिथे पिनियनच्या प्रत्येक दाताची क्राऊनच्या प्रत्येक दाताशी गाठ पडते आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते.

इंजिनाचा जोर इथे शेवटचा गुणला जातो आणि फेरे इथे शेवटचे भागले जातात. म्हणून मोठा आकडा म्हणजे जोरदार गाडी, असा समज पसरला. रस्त्यावर पळवायची पिकअप बांधायला घेतलेला माणूस बहुधा पहिल्यांदा ४.१० चा सेट शोधतो. माझं म्हणणं असं, की मागचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्याला गिअरबॉक्सच्या आकड्याने गुणून टायरच्या व्यासाने भागल्यावरच तो बोलायला लागतो.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण खुद्द शेवरलेटनेच घालून दिलं आहे. १९९० साली त्यांनी ४५४ एसएस ही पिकअप आणली. ७.४ लिटरचं व्ही-८ इंजिन, २३० अश्वशक्ती, तीन गिअरचा टर्बो ४०० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मागे ३.७३. पुढच्याच वर्षी गिअरबॉक्स बदलून चार गिअरचा ४एल८०-ई आला आणि मागचा रेशो ४.१० झाला. पहिल्या तिन्ही गिअरचे रेशो दोन्ही गिअरबॉक्समध्ये तेच: २.४८, १.४८ आणि १. नवा होता तो फक्त ०.७५ चा चौथा गिअर, म्हणजे ओव्हरड्राइव्ह: यात इंजिन शाफ्टपेक्षा कमी फेरे घेतं.

आता हिशेब करू. मैलांतला वेग गुणिले एकूण रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा इंचांतला व्यास, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे. या गाडीचे टायर २७५/६०-१५, व्यास २८ इंच. ३३६ भागिले २८ म्हणजे १२, त्यामुळे आकडेमोड तोंडी होते. ताशी ७० मैलांना (सुमारे ११३ किलोमीटर) १९९० च्या गाडीचं इंजिन ७० × ३.७३ × १२, म्हणजे साधारण ३,१३० फेरे घेतं. १९९१ च्या गाडीत ४.१० ला ०.७५ ने गुणलं की ३.०७५ उरतात आणि फेरे येतात साधारण २,५८०. पहिल्या तिन्ही गिअरमध्ये जोर दहा टक्के वाढला आणि हायवेवर फेरे साडेपाचशेने उतरले. मागचा आकडा मोठा झाला आणि गाडी शांत झाली! त्याच वर्षी इंजिनाची ताकदही २५५ अश्वशक्तीवर गेली, त्यामुळे वाढलेल्या चपळाईचं सगळं श्रेय रेशोला देता येणार नाही. पण ती शांतता मात्र पूर्णपणे दातांच्या हिशेबातून आली.

त्या वाढलेल्या दहा टक्क्यांचं पुढे काय होतं? १९९० च्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३८५ पौंड-फूट. पहिला गिअर आणि मागचा रेशो यांनी त्याला गुणलं की सव्वानऊ पट होतो, आणि २८ इंची टायर जमिनीला साधारण १,३८५ किलो वजनाइतक्या जोराने मागे ढकलू पाहतात. यात टॉर्क कन्व्हर्टरने (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेल्या, सुरुवातीला जोर वाढवणाऱ्या भागाने) दिलेली वाढ धरलेलीच नाही. रिकाम्या हौद्याच्या पिकअपमध्ये मागच्या चाकांवर टनाच्या आसपासच भार असतो, आणि साध्या रस्त्यावर टायरची पकड त्या भारापलीकडे जात नाही. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये पाय दाबला तर ३.७३ वरच रबर जळतं. तिथे ४.१० ने जादा धूर निघेल, वेग नाही. मोठ्या रेशोचा खरा फायदा दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, चालत्या गाडीला ओव्हरटेक करताना मिळतो.

टायरचंही असंच. दिसायला छान म्हणून २८ ऐवजी ३१ इंची टायर घातले, की ४.१० चा परिणाम ३.७० इतकाच उरतो. पैसे टायरवर गेले आणि रेशोही गेला.

म्हणून निवड करताना मी हायवेकडून सुरुवात करेन. १९७३ च्या तेलसंकटानंतर कारखान्यांनी पेट्रोल वाचवण्यासाठी हलक्या पिकअपमध्ये ३.०८ सारखे लहान आकडे भरपूर दिले. शेवरलेटच्या तशा सी-१० पिकअपला आज चार गिअरचा ७००आर४ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला, की वरच्या गिअरचा रेशो ०.७० मिळतो. मागे ३.०८ तसाच ठेवला, तर २८ इंची टायरवर ७० मैलांना जेमतेम १,८०० फेरे. साधं इंजिन ते सोसेल. पण जोरदार कॅमचं (म्हणजे वरच्या फेऱ्यांवर ताकद देण्यासाठी झडपा जास्त उघडणारं) इंजिन इतक्या खाली धडपडतं, चढ आला की गिअरबॉक्स सारखा खाली-वर करत बसतो आणि वाचलेलं पेट्रोल तिथेच जळतं. ३.७३ लावला तर फेरे २,२०० च्या आसपास येतात. बहुतेक गाड्यांसाठी मी इथेच थांबेन. ७००आर४ चा पहिला गिअर ३.०६ चा आहे, त्यामुळे ३.७३ घेऊनही सुरुवातीचा जोर साडेअकरा पटीजवळ जातो, ४५४ एसएसच्या दोन्ही गाड्यांपेक्षा जास्त. त्या गिअरबॉक्सची खोट दुसरीकडे आहे: दुसरा गिअर एकदम १.६३ चा, म्हणजे ५,००० फेऱ्यांवर गिअर बदलला की इंजिन २,७०० च्याही खाली कोसळतं. ती दरी मागच्या रेशोने बुजत नाही. तिथे इंजिनालाच खालून ओढता यायला हवं.

तीन गिअरचा जुना गिअरबॉक्स तसाच ठेवणार असाल आणि रोज हायवे असेल, तर ३.४२ च्या वर जाऊ नका.

आणि क्राऊन-पिनियन बदलून गाडी बाहेर काढलीत की वेगाचा काटा बघा. जुन्या शेवरलेटमध्ये त्याची केबल गिअरबॉक्सच्या शेपटीकडून, म्हणजे शाफ्टच्या फेऱ्यांवरून चालते. ३.०८ चे ३.७३ केले, तर गाडी खरोखर ६० मैलांनी जात असताना काटा ७२-७३ दाखवतो. शेपटीत एक प्लास्टिकचा छोटा रंगीत गिअर असतो, दातांच्या संख्येनुसार त्याचा रंग बदलतो. नव्या रेशोला जुळणारा तो गिअर घातला, की काटा पुन्हा खरा बोलतो.